जुन्या ‘शालिमार’चं घट्ट बूच

प्रश्न : आईच्या कपाटात फ्रान्सहून आणलेल्या ‘शालिमार’ची निम्मी बाटली सापडली. अत्तर तपकिरी पडलंय, काचेचं बूच हलत नाही. वापरता येईल का? आणि याचं एवढं नाव कशामुळे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रंगाला घाबरू नका. ‘शालिमार’मध्ये व्हॅनिलाचा अंश भरपूर, आणि तो जुना झाला की तपकिरी पडतोच. खरा प्रश्न बुचाचा. घासून बसवलेल्या बुचाच्या फटीत अत्तरातली राळ वाळून चिकटते. बाटली उभी ठेवून फटीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे 2-3 थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा. मग लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला दोन्ही बाजूंनी हलकेच टिचक्या मारा आणि बूच पिळा. वर ओढू नका, मान तुटते. नाही हललं तर पुन्हा थेंब सोडा. गरम पाणी, मेणबत्ती अजिबात नको : काच तडकते आणि अत्तर पेट घेतं.

उघडल्यावर कागदाच्या पट्टीवर एक थेंब घ्या. आधी वार्निशसारखा वास येईल. तो सुरुवातीला दरवळणाऱ्या बर्गमॉट या लिंबूवर्गीय तेलाचा. हवा लागून सगळ्यात आधी तेच बिघडतं. अर्ध्या तासाने व्हॅनिला, धूप, चामड्यासारखी ऊब वर आली तर अत्तर जिवंत आहे. तासाभरानेही आंबटच असेल तर बाटली शोभेला ठेवा.

नाव झालं ते याच उबेमुळे. हे अत्तर बनवणारे फ्रेंच अत्तरकार झाक गेर्लां यांनी तेव्हा नव्या असलेल्या इथाइल व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाच्या कृत्रिम रसायनाचा, सढळ वापर केला. व्हॅनिलाला वास देणाऱ्या साध्या व्हॅनिलिनहून हे कितीतरी तीव्र. वर बर्गमॉटचा गारवा, खाली गोड धूर, हा विरोधच याची जादू. 1925च्या पॅरिस प्रदर्शनात ते गाजलं. नाव मुघलांच्या शालिमार बागेवरून. शाहजहान-मुमताजची कथा त्याला जोडली गेली.

लावताना जपा. जुन्या काळच्या बर्गमॉट तेलातला बर्गाप्टेन हा घटक उन्हात त्वचेवर काळे डाग पाडतो, आणि आपलं ऊन तर चाळिशीपार. संध्याकाळीच लावा, आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस पाहा. इरकलीवर नकोच, तपकिरी डाग निघत नाही.

उरलेलं अत्तर मापाच्या छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा. रिकाम्या जागेतली हवाच ते खाते. पत्र्याखालची खोली आणि न्हाणीघर टाळा. माळवदी घर असेल तर आतल्या खोलीतलं कपाट, खालचा कप्पा, खोक्यात बंद : उन्हाळाभर ते तिथेच राहू द्या.