कायमची ऑर्डर

"मॅडम, आमची नोकरी सरकारीच राहिली ना?"

खडकी, देहूरोडच्या कारखान्यांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी जणांनी मला हेच विचारलंय. १ ऑक्टोबर २०२१ ला सैन्यासाठी शस्त्रं-दारूगोळा बनवणारं सरकारी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं, ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांकडे गेले आणि कामगार डेप्युटेशनवर, म्हणजे सरकारी नोकर राहूनच तात्पुरते कंपनीच्या कामावर. आधी दोन वर्षं, मग मुदत वाढत राहिली.

त्यातले हे एक मशिनिस्ट (ओळख बदलली आहे). २००२ ला लागलेले, वडीलही त्याच फॅक्टरीतून रिटायर झालेले. झोप उडाली म्हणून बायकोने आणलं. खिशातल्या डायरीत मुदतवाढीच्या सगळ्या तारखा लाल पेनाने लिहिलेल्या.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांना माहितीच देत बसले: १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्यांचं पेन्शन संरक्षण मंत्रालयाच्याच बजेटमधून मिळेल, हे सरकारने तेव्हाच जाहीर केलंय. ते मान डोलवायचे. ते सगळं त्यांना पाठ होतं!

तिसऱ्या भेटीत विचारलं, "मुदतवाढीची शेवटची ऑर्डर आली, त्या रात्री झोप लागली?"

"गाढ."

"अशा किती रात्री?"

अंगठ्याच्या नखातलं काळं ग्रीस ते कोरत राहिले. मी मुद्दाम काही बोलले नाही.

"तीन. चौथ्या रात्री पुढची तारीख मोजायला लागलो." मग हळूच म्हणाले, "म्हणजे कायमची ऑर्डर आली तरी मी…"

वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. त्या अर्ध्या वाक्याची मी दोन भेटी वाट बघत होते.

खात्री असावी, ही इच्छा रास्तच आहे. पण 'खात्री मिळालीच पाहिजे, नाहीतर वडिलांसमोर मी कोण?' ही आपणच घातलेली अट. इतक्या वर्षांच्या कामात मी पाहिलंय, माणसाला परिस्थितीपेक्षा ही अट जास्त पिळते. ती सैल झाली, की हातातलं काम दिसायला लागतं.

म्हणून अशा प्रत्येकाला मी सांगते: कंपनीत कायम जाण्याचा पर्याय समोर आला, तर घाबरून सही करू नका, घाबरून नाकारूही नका. अटी लेखी मागा, घरी वाचा. आणि आधी आपलं सर्व्हिस बुक बघून या.

हे गृहस्थ बघून आले. पीएफच्या नॉमिनेशनमध्ये अजून आईचं नाव होतं. आई जाऊन सहा वर्षं झालेली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बायकोच्या नावाचा फॉर्म भरला.