धारावीत मुलाखतींना निघालेल्या नवीन मुलीला

अगं, प्रश्नावली आधी पिशवीतच राहू दे. १९९२-९३च्या दंगलीबद्दल पुरुष जाळपोळ, पोलीस, गोळीबार सांगतील. बायका मात्र कर्फ्यूत दूध कुठून आणलं, सार्वजनिक संडासाला जायची कशी भीती वाटायची, तिथून सुरू करतात. तेच सविस्तर लिही. नवरा शेजारी बसून उत्तरं देत असेल, तर चहा पिऊन ऊठ. ती एकटी असताना पुन्हा जा. पुरुष म्हणजे फक्त मारणारे, असंही धरू नकोस. निव्वळ तरुण पोरगा म्हणून संशय घेतला जातो, तोही आपल्या विषयातला, म्हणजे दंगलीत बाई म्हणून, पुरुष म्हणून कोणाच्या वाट्याला काय आलं यातला, भाग.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २००० सालचा १३२५ क्रमांकाचा ठराव शांततेच्या वाटाघाटींत बायका हव्यात म्हणतो. वाच जरूर. पण मोहल्ला कमिटीच्या, म्हणजे वस्तीत सलोखा राहावा म्हणून पोलीस आणि रहिवासी मिळून चालवतात त्या समितीच्या, बैठकीत खुर्चीवर कोण, सतरंजीवर कोण, तेही बघून ये. मी पहिली दोन वर्षं बघितलंच नव्हतं.