ट्रॅक्टरच्या लेव्हलरनं पाणंद सारखी करताना रस्त्याला लाटा का पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खटाव तालुक्यात घरापासून मळ्यापर्यंत पाऊण किलोमीटर मुरमाची वाट आहे, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि सात फुटी लेव्हलर (ट्रॅक्टरच्या मागं लावायचं, माती सारखी करायचं पातं) घरचाच आहे. दरवर्षी ऊस गेला की तुम्ही वाट सारखी करता, आणि दरवर्षी तिला लाटा पडतात. मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टला पोझिशन आणि ड्राफ्ट असे दोन लिव्हर असतात, त्यातला कोणता धरायचा?

पोझिशनचा धरा. ड्राफ्टचा लिव्हर रस्त्याच्या कामात बाजूलाच ठेवायचा. त्याची 'बाजूची' जागा कंपनीप्रमाणे बदलते, काहींत पूर्ण वर तर काहींत पूर्ण खाली, म्हणून ती ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत एकदा बघून घ्या. पण नुसता लिव्हर बदलून लाटा जाणार नाहीत. आमच्या वाळवा तालुक्यातली आमच्या भावकीची पाणंद मी पंधरा वर्षं सांभाळतोय. त्यातली पहिली तीन वर्षं लाटा काढण्यात नाही, पाडण्यात गेली.

ड्राफ्ट कंट्रोल मुळात नांगरासाठी आलं. हॅरी फर्ग्युसननं १९२० च्या दशकात त्याची कल्पना मांडली आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरबरोबर ती शेतकऱ्यांच्या घरोघरी गेली. बऱ्याच ट्रॅक्टरांत टॉप लिंक, म्हणजे अवजाराला वरून जोडणारा दांडा, जिथं अडकवतो तिथं आत एक स्प्रिंग असते. नांगराला कडक जमीन लागली की टॉप लिंक पुढं दाबली जाते, स्प्रिंग दबते आणि लिफ्ट आपोआप अवजार थोडं वर घेते. ओढ कमी झाली की परत खाली सोडते. नांगरटीला याच्यासारखं सुख नाही. इंजिन गुदमरत नाही, चाक जागेवर फिरत नाही. रस्त्यावर मात्र हेच उलटं पडतं. जिथं उंचवटा कडक आहे, म्हणजे जिथं कापायला पाहिजे, तिथंच पातं वर उठतं. जिथं भुसभुशीत खड्डा आहे तिथं खाली जाऊन आणखी खोल करतं.

आता पोझिशनचं. पोझिशनमध्ये पातं ट्रॅक्टरच्या मानानं एका उंचीवर राहतं, जमिनीच्या मानानं नाही. सगळी गोम इथं आहे. पुढचं चाक ते मागचं चाक हे अंतर साधारण दोन मीटर धरा, आणि मागच्या आसापासून पातं एक मीटर मागं. पुढची चाकं १० सेंटीमीटरच्या उंचवट्यावर चढली की मागचं पातं ५ सेंटीमीटर जमिनीत घुसतं. मग मागची चाकं त्याच उंचवट्यावर आली की पातं १५ सेंटीमीटर वर उचललं जातं. म्हणजे एका उंचवट्यामागं आधी एक खड्डा आणि मग एक ढीग, असा हिशेब. तुम्ही खड्डा बघून लिव्हर वर करता, ढीग बघून खाली करता, तोपर्यंत ट्रॅक्टर पुढं गेलेला असतो. डोळ्यानं बघून हातानं लिव्हर मारत बसलं की लाट दुप्पट होते. लिव्हर जितका कमी हलवाल तितका रस्ता सरळ येईल, एवढं एक धरून ठेवा.

म्हणून लेव्हलर लावायच्या आधी फणी लावा. नऊ दाती फणीनं वाट मोकळी करून घ्यायची, आणि चाकोरीचा तळ जिथं आहे तिथपर्यंत दात गेले पाहिजेत. लाटेचा वरचा भाग नुसता खरवडून खळग्यात भरला तर तो भराव पहिल्या पावसात बसतो आणि जुनी लाट जिथल्या तिथं वर येते, कारण खालचा कडक भाग हललेलाच नसतो. टॉप लिंक आखडून घेतली की फणीचे दात खाली झुकतात आणि चांगले शिरतात. आखडताना एकदम दहा फेरे मारू नका, दोन-दोन फेरे मारून वीस पावलं चालवून बघा. तुमच्याकडं मुरूम वरच आहे, तो कडक लागला तर या एका कामाला ड्राफ्टचा लिव्हर थोडा वापरला तरी चालेल.

मग लेव्हलर. आधी मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी करा. एका टायरात हवा कमी असेल तर पातं त्या बाजूला कलतं आणि माणूस लेव्हलिंग बॉक्सचा, म्हणजे अवजाराची एक बाजू वर-खाली करायचा, दांडा फिरवून फिरवून थकतो. पातं आडवं सरळ ठेवू नका, तिरकं करा. सरळ पात्यापुढं माती साठत जाते आणि शेवटी एकदम सुटते, तिथं ढीग पडतो. तिरक्या पात्यावरून माती एका कडेला घरंगळत राहते, भुईमूग पाखडताना सुपाच्या कडेवरून दाणे पडावेत तशी. तिरक्या पात्यामुळं लेव्हलर बाजूला ओढला जातो, म्हणून लोअर लिंकच्या (अवजार खालून ओढणाऱ्या दोन दांड्यांच्या) दोन्हीकडच्या चेन आवळा आणि लिफ्ट पूर्ण वर घेऊन टायरला काही घासत नाही ना ते बघा.

वाकदार पात्याचा वरचा काठ मागं कलला की खालची धार पुढं येते आणि कापते. वरचा काठ पुढं झुकला की पातं कापायचं सोडून माती पसरत जातं. टॉप लिंकचे दोन-तीन फेरे सोडले-आवळले की हा फरक लगेच कळतो. पहिल्या दोन फेऱ्या कापायच्या, शेवटच्या दोन पसरायच्या.

लिव्हरच्या पट्टीवर सरकणारा एक छोटा स्टॉपर असतो, त्याचा नट हातानं आवळता येतो. पहिल्या वीस-तीस फुटांत पाहिजे ती खोली सापडली की स्टॉपर तिथं आवळून टाका. वळताना लेव्हलर उचलला तरी परत खाली सोडल्यावर तो त्याच जागी येतो. माझ्या ट्रॅक्टरचा स्टॉपर पडून गेलाय, तिथं मी खडूची रेघ मारतो. सीटखाली लिफ्ट किती वेगानं उतरायची ते ठरवणारी फिरकी बऱ्याच ट्रॅक्टरांना असते, ती सावकाशकडं फिरवून घ्या. नाहीतर पातं धपकन पडतं आणि सुरुवातीलाच घाव घालतं. गिअर लो मधला पहिला किंवा दुसरा. चालणाऱ्या माणसाच्या पुढं ट्रॅक्टर जायला नको. वेग वाढला की पातं उड्या मारतं आणि हातभर अंतरावर बारीक बारीक लाटा पडतात. दुधाच्या मोटरसायकलीला बांधलेल्या किटल्या ज्या रस्त्यावर खडखडतात, तो हाच.

शेवटचा हात मारायला एक युक्ती आहे. पातं उलटं फिरवायचं आणि ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये मागं घेत जायचं. असं केलं की पातं आधी जातं आणि चाकं नुकत्याच सारख्या झालेल्या जागेवर येतात, म्हणून मघाशी सांगितलेला चाकांचा खेळ बराचसा थांबतो. पण हे फक्त मोकळ्या मातीवर. लोअर लिंक ओढायला केलेल्या असतात, ढकलायला नाही. कडक जागी किंवा दगडाला पातं टेकलं तर लिंक वाकते.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पातं जमिनीत शिरत नाही म्हणून त्याच्यावर माणूस उभा करू नका. आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट अवजार उचलते, खाली दाबत नाही, पातं आपल्या वजनानंच बसतं. त्यामुळं सगळीकडं पोरांना वजन म्हणून उभं करायची सवय आहे. आमच्या भावकीतला एकोणीस वर्षांचा पोरगा असाच उभा होता. पातं दगडाला अडलं, ट्रॅक्टरला हिसका बसला आणि तो पुढं टायर आणि लेव्हलरच्या मधे पडला. पाय दोन ठिकाणी मोडला. आज तो चालतो, पण लंगडत. त्या दिवशी ट्रॅक्टरवर मी होतो. वाळूची दोन पोती दोरीनं घट्ट बांधा, तेवढ्यानं काम होतं. आणि उचललेल्या लेव्हलरखाली हात घालायचा असेल तर आधी जाड ओंडका लावा. इंजिन बंद असलं तरी लिफ्ट हळूहळू उतरते.

रस्ता सपाट करायचा नसतो, मध्ये उंच ठेवायचा असतो, हे मला फार उशिरा उमगलं. मातीच्या रस्त्याला मधून कडेला शंभराला तीन-चार एवढा उतार लागतो. तीन मीटर रुंद वाटेला मधला भाग कडेपेक्षा सहा सेंटीमीटर वर, म्हणजे तीन-चार बोटं. लेव्हलिंग बॉक्सच्या दांड्यानं कडेकडची बाजू खाली करा आणि माती मधल्या बाजूला आणत जा. जाताना एक बाजू, येताना दुसरी.

कडेला पात्यानं सुटलेला वरंबा मात्र ठेवू नका. हीच चूक मी जास्तीत जास्त ठिकाणी बघतो. रस्ता सुरेख होतो आणि दोन्ही कडेला वीतभर वरंबा राहतो, मग पावसाळ्यात रस्त्याचाच पाट होतो. वरंबा पसरून टाका किंवा दर पंधरा-वीस पावलांवर फोडून पाणी चरात सोडा. शेजाऱ्याच्या पाटाचं पाणी वाटेवर येत असेल तर तिथं पाइप टाकून मोरी करा, त्याशिवाय कुठलंही अवजार कामाचं नाही. आमच्याकडं काळी जमीन, त्यामुळं आणखी एक पथ्य: कडेची काळी माती मुरमावर ओढायची नाही. ओली झाली की ती फुगते आणि मुरमाचीही राड करते. तुमच्या माळाला तो त्रास कमी, पण वाट जिथं ओढ्याकाठच्या काळ्या पट्टीतून जाते तिथं जपा.

वेळ वळवाचा पाऊस झाल्यावरची, वाफसा आल्या आल्या. मूठभर मुरूम दाबला तर त्याचा लाडू झाला पाहिजे आणि हाताला चिकटला नाही पाहिजे. एप्रिलच्या कोरड्या धुळीत केलेलं काम वाऱ्यावर जातं, आणि मृगाच्या पावसात पातं नुसतं घसरतं. वळीव नाहीच झाला तर आदल्या संध्याकाळी टँकरनं पाणी मारा.

नवा मुरूम टाकणार असाल तर हिशेब असा: तीन मीटर रुंद, शंभर मीटर लांब आणि दहा सेंटीमीटर जाड थराला ३० घनमीटर, म्हणजे साडेदहा ब्रासच्या (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) पुढं. दाबल्यावर तो बसतो, म्हणून थोडा जास्तच धरा. मुरूम गौण खनिजात येतो, तेव्हा काढायची परवानगी तहसीलमधून आधी घ्या. रोलर मिळाला तर उत्तम. नाहीतर भरलेली ट्रॉली फिरवा, पण प्रत्येक फेरीला चाक वीतभर सरकवून, नाहीतर तुम्ही स्वतःच नवी चाकोरी पाडाल.

हे सगळं झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसात फावडं घेऊन वाटेवर एक चक्कर मारा. पाणी जिथं थांबलंय तिथं त्याच वेळी कडेला वाट करून द्या. पाऊस उघडल्यावर ती जागा सापडत नाही.