‘भूमूल्य करा’तलं ‘मूल्य’

प्रश्न असा आला आहे: “हेन्री जॉर्ज या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाबद्दल वाचताना ‘भूमूल्य कर’ हा शब्द भेटला. म्हणजे आपला शेतसाराच ना? मग नवा शब्द कशाला? आणि ‘मूल्य’ऐवजी साधं ‘किंमत’ का नको?”

शेतसारा नव्हे, आणि घरपट्टी तर नव्हेच. या तिन्हींची खिचडी ऐकून कान किटले आहेत. घरपट्टीत बांधकाम मोजतात. मुंबईत २०१० पासून ती भांडवली मूल्यावर बसते, त्यातही इमारत येतेच. भूमूल्य करात इमारत, पीक, विहीर, बांध यांतलं काहीच धरायचं नाही. धरायची ती फक्त जमीन आणि तिच्या जागेमुळे तिला आलेलं मोल. एका भूखंडावर दहा मजले उभे आहेत, शेजारच्या तेवढ्याच भूखंडावर बाभळी माजल्या आहेत, तरी दोघांना कर सारखाच. मग भाव चढायची वाट बघत जमीन अडवून ठेवणं अंगाशी येतं. थोड्यांच्या हाती साठलेली जमीन सुटी व्हावी यासाठी जॉर्जनं १८७९ मध्ये आपल्या ग्रंथात हाच उपाय मांडला.

‘भू’ आणि ‘कर’ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. ‘मूल्य’ मात्र सोडवत नाही.

पाणिनीनं अष्टाध्यायीत, चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादात ‘मूल’वरून ‘मूल्य’ वेगवेगळ्या अर्थांनी साधला आहे. एका सूत्रात मूल्य म्हणजे मुळासकट उपटायचं पीक. मूग मूल्य, उडीद मूल्य! हा अर्थ पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. पुढच्या एका सूत्रात व्यापारातला अर्थ येतो. काशिकेत, म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, तिथे कापडाचं उदाहरण आहे. कापड तयार व्हायला जे लागलं ते ‘मूल’, म्हणजे आपल्या भाषेत घातलेलं मुद्दल. त्या मुळावर वाढ चढली की होतं ‘मूल्य’.

आता हेच जमिनीला लावून बघा. कापड कोणीतरी विणलं. जमीन कोणी विणली? विहिरीला मूळ आहे, बांधबंदिस्तीला आहे, कारण तिथे कोणाचे तरी पैसे आणि घाम गेला आहे. उघड्या जमिनीला या अर्थानं मूळच नाही. तिचं मूल्य म्हणजे नुसती वाढ, आणि ती वाढ आणली कोणी? शेजारून गेलेल्या रस्त्यानं, स्टेशनानं, बाजारानं, म्हणजे गावानं. जॉर्जचा सगळा युक्तिवाद या एका तद्धितात, म्हणजे ‘मूल’ला प्रत्यय लागून झालेल्या शब्दात, बसतो, असं माझं ठाम मत आहे. ‘किंमत’ अरबीतून आली. चांगला शब्द आहे, पण त्यात हे मूळ सापडत नाही.

काही जाणकार त्याच सूत्रातला दुसरा अर्थ पुढे करतात: मुळाच्या बरोबरीचं ते मूल्य. तो अर्थ तिथे आहे, नाकारत नाही. पण तेवढाच खरा म्हणणाऱ्यांनी ‘आनाम्य’ हा शब्द, ज्यातून वाढीचा अर्थ निघतो, तो त्याच सूत्रात पाणिनीनं कशाला घातला ते सांगावं. अर्धं सूत्र गिळून व्युत्पत्ती सांगता येत नाही.

साऱ्याबद्दल एक मात्र कबूल केलं पाहिजे. जॉर्जच्या ग्रंथाच्याच वर्षी, १८७९ मध्ये, आपल्याकडे मुंबई जमीन महसूल कायदा झाला. फेरआकारणी करताना शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं केलेल्या सुधारणा धरू नयेत, जमिनीचा कस, तिची जागा, मालाचे भाव आणि दळणवळणाची सोय बघावी, असं त्यात होतं. म्हणजे विहीर वगळायची आणि रस्ता धरायचा! तत्त्व जवळजवळ तेच. फरक एवढा की तो आकार शेतीचा होता, तीस-तीस वर्षं गोठलेला, आणि शहरातल्या मोक्याच्या जागांचं मोल पकडणं त्याचं कामच नव्हतं.

आणि ‘खंड’! अर्थशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या जमिनीबद्दलच्या सिद्धांताला ‘खंड सिद्धांत’ म्हणून ठेवलं आहे, ते मला अजिबात पटत नाही. खंड ठरतो बोलीनं: जमीन कसणारा मालकाला वर्षाला अमुक देईल. रिकार्डो बोलत होता ते कोणी बोली करो न करो, खर्च वजा जाता चांगल्या जमिनीत उरणाऱ्या वाढाव्याबद्दल. त्याचाच सिद्धांत हाती घेऊन प्रिंगल या अधिकाऱ्यानं १८३० च्या आसपास पुण्याकडे निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवला. हिशेब चुकले, रयत बुडाली, आणि १८३५ पासून इंदापुरातून सगळी मोजणी नव्यानं करावी लागली. निव्वळ उत्पन्न, म्हणजे पुन्हा मूळ वजा करून उरलेलं. त्याला ‘वाढावा’ म्हणा, ‘वरकड’ म्हणा. ‘खंड’ कसणाऱ्या कुळाच्या तोंडी राहू द्या. तो कोणाला द्यावा लागतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं.