वय १९ आहे, ऑनलाइन बंदूक मागवता येते का? किती वय लागतं?

२१ पूर्ण. १८ नव्हे, मतदानाचं वय वेगळं आणि हे वेगळं. आणि ऑनलाइन म्हणशील तर लायसनचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, बंदूक कुरिअरनं घरी येत नाही. रीलखाली नंबर टाकून ‘घरपोच’ म्हणणारे एक तर पैसे घेऊन गायब होतात नाहीतर गावठी कट्टा गळ्यात मारतात, आणि बिनलायसनचं हत्यार सापडलं की शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं जेल, ५ पर्यंत. अमेरिकेत ऑनलाइन मिळते म्हणतात, तिथं पण पार्सल लायसनवाल्या दुकानदाराकडं जातं आणि दुकानदाराकडनं रायफल घ्यायला १८, पिस्तुलाला २१ लागतात.

पण तू खाली लिहिलंयस की आजोबांची बारा बोर घरात आहे, ती जुनाट झाली, मला माझी स्वतःची पाहिजे. ते वाचलं आणि राहवलं नाही भावा.

आमचं गाव राधानगरीकडचं. उसात रानडुकरं, वरच्या अंगाला गवे. गव्याला मारायचं नसतंच, पण एक हवेत बार काढला तरी कळप माघारी फिरतो, त्यासाठी आज्याकडं डबल बारची बारा बोर होती. दर रविवारी तो ती मोडून पोत्यावर ठेवायचा, गजाला धोतराचं फडकं गुंडाळून तेल घालून नळी पुसायचा आणि मग उजेडाकडं धरून मला एक डोळा मिटून आतून बघायला लावायचा. आत एकदम आरशासारखं गोल गोल दिसायचं. काडतूस मात्र त्यानं मला कधी हातात दिलं नाही, ते कपाटात कुलपात. म्हणायचा, “सोळा झाली की तुझ्या नावावर करतो.” आज्याच्या डोक्यात जुना कायदा बसलेला. १९८३ ला सोळाचं एकवीस झालं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि माझी सोळा झाली तेव्हा ऊसतोडीच्या गडबडीत ते राहून गेलं.

२००४ च्या पावसाळ्यात आजा गेला. मी १९ चा. लायसनवाला गेला की बंदूक घरात ठेवता येत नाही, ठाण्यात जमा करायला लागते, म्हणून दहाव्याच्या आधीच मी, वडील आणि चुलता गेलो. हवालदारानं नंबर उतरून घेतला आणि विचारलं वारस कोण पुढं करणार. मी म्हटलं मी. दाखला बघितला त्यानं, बोटावर वर्षं मोजली आणि म्हणाला दोन वर्षांनी ये. एवढंच, चांगल्या आवाजात. पण चुलता मागनं बोललाच, “पोरगं तापट हाय साहेब, त्येच्या हातात कशाला देताय.” पूर्ण ठाण्यात.

दोन वर्षांनी २१ पूर्ण झाल्यावर मी कलेक्टर ऑफिसच्या चकरा सुरू केल्या. वारसानं लायसन मागायचं तर बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. आजीनं अंगठा दिला, वडलांनी सही केली, आत्या गारगोटीवरनं खास येऊन सही करून गेली. चुलत्यानं केली नाही. स्वतःच्या नावावर पण त्यानं मागितली नाही, नुसती अडवून ठेवली. त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडं अजून आहे, चार ओळी, तीन भरलेल्या. बंदूक मालखान्यात गंजून गेली असणार. आणि दर म्हाईच्या जेवणाला ताटावर बसलं की हा माणूस पाव्हण्यांना सांगतो, “सरकारनंच न्हाई म्हटलं ह्येला.”

सरकारनं म्हटलं नव्हतं. शस्त्र कायद्याचं कलम ९ काढून वाच. कुणाकुणाला देता येत नाही त्यात शिक्षा झालेले वेगळे, मानसिक स्थिती ठीक नसलेले वेगळे, आणि वयाची ओळ वेगळी. मी फक्त वयाच्या ओळीत बसत होतो, ती पण दोन वर्षांपुरती. वय कमी असणं म्हणजे नालायक असणं नव्हे, हे मला वीस वर्षं कुणाला तरी सांगायचं होतं. अट स्वतः बरोबरच आहे, माझं पोरगं आता १६ चं आहे आणि मी पण त्याच्या हातात बंदूक देणार नाही.

नेमबाजी शिकायची असेल तर मात्र २१ ची वाट बघू नको. प्रशिक्षणाला, देखरेखीखाली, १२ पूर्ण झाले की चालतं. आपल्या कोल्हापुरात तर हे सांगायलाच नको, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं सोनं आणलं आणि पॅरिसचं ब्राँझ आणणारा स्वप्निल कुसाळे आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा. दुधाळीच्या रेंजवर जाऊन उभा राहून बघ एकदा.

एअरगनचं विचारणार असशील तर नळी ४.५ एमएमची आणि ताकद २० ज्युलच्या आतली असेल तर लायसन नाही, पण विकणारे ओळखपत्र आणि १८ वय बघतात. मी वकील नाही, अर्ज करायच्या आधी कलेक्टर ऑफिसला विचारून घे, मुंबई-पुण्यात असशील तर पोलीस आयुक्तांकडं.

आणि नवीन बंदुकीचं राहू दे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लायसनवाला ७० चा झाला किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडं असली की तो जिवंत असतानाच वारसाच्या नावावर करायला मागू शकतो. तुला अजून दोन वर्षं आहेत. तोवर आजोबांना खुर्चीत बसव आणि त्यांच्यासमोर चुलत्या-आत्यांशी बोलून घे, म्हणजे २१ झाल्याबरोबर सगळ्यांच्या सह्या होतील. म्हाताऱ्यासमोर कुणी नाही म्हणत नाही.