आकड्यांमधला फुजी आणि आपला पन्हाळा

प्रश्न : मुलाने जपानच्या फुजी पर्वताचं, कॅनव्हासवर छापलेल्या आकड्यांप्रमाणे रंग भरायचं किट पाठवलंय. आकाश आणि बर्फ भरून झालं, पण रंगाखालून आकडे दिसतातच. निळसर करड्या रंगाची एक डबी सुकलीय. घरात म्हणतात, हे काय चित्र काढणं, हा तर मुलांचा खेळ. आणखी एक विचारते. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच ना? मग पन्हाळा फुजीसारखा टोकदार का नाही?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी आकड्यांचं बघू. फिकट रंगाच्या एका हाताने छापील शाई झाकत नाही. पहिला हात पूर्ण सुकू द्या, मग दुसरा द्या, लागला तर तिसराही. एकदाच जाड थापलं तर कुंचल्याचे वळ उठतात. तरीही आकडा डोकावत असेल, तर नेमका त्याच्यावर टिटॅनियम व्हाइट या पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्या, आणि तो सुकला की वर किटमधला रंग.

डबीतला रंग नुसता घट्ट झाला असेल तर पाण्याचे एक-दोन थेंब घालून टूथपिकने ढवळा. चामड्यासारखा झाला असेल तर मात्र सोडून द्या, कारण अॅक्रिलिक एकदा सुकलं की पाण्यात परत विरघळत नाही. अल्ट्रामरीन (गडद निळा), पांढरा आणि चिमूटभर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळून तो रंग घरी जमतो. कागदावर लावून सुकल्यावरच ताडून बघा, ओल्यापेक्षा सुकलेला थोडा गडद दिसतो.

आता घरच्यांचं म्हणणं. अमेरिकेत 1950च्या दशकात डॅन रॉबिन्स या चित्रकाराच्या कल्पनेतून ही किटं घरोघरी गेली, आणि तेव्हाही लोक हेच म्हणत. मी शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात आयुष्य घालवलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांना सगळ्यात अवघड जायचं ते छटा वेगळ्या करणं. डोंगर म्हटला की एकच तपकिरी! तुमच्या किटमध्ये ते काम कुणीतरी आधीच करून ठेवलंय. ते वाचा. बर्फाच्या सावलीत कोणता आकडा आहे? बहुतेक निळाच निघेल. डोंगराचा पायथा आणि मागचं आकाश यांचे रंग शेजारी ठेवून बघा, फरक अगदी थोडा असेल, कारण लांबच्या वस्तूवर हवेचा थर चढतो. कॅनव्हास भिंतीला टेकवून लांबून, डोळे किलकिले करून बघा. ही नजर आली की अर्धं चित्र आलं, असं माझं ठाम मत आहे.

फुजी 3776 मीटर उंच आहे आणि त्याचा शेवटचा उद्रेक 1707 सालचा. मुख्यतः माथ्यावरच्या विवरातून लाव्हा आणि राख पुन्हा पुन्हा पडून तो शंकू रचला गेला, म्हणून माथ्याकडे चढ उभा आणि खाली पसरट. आपल्याकडे साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वाहिला आणि आडवे थर एकावर एक साचले. पुढे पावसाने आणि नद्यांनी ते कापले. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा आहे, त्या कठीण टोपणामुळे तो सपाट राहिला. शिवाजी पूल ओलांडून केर्लीकडे निघालात की बघा, उतारावर कड्यांचे आडवे पट्टे दिसतात. पावसाळ्यानंतर तर फारच स्वच्छ.

तुमच्या राजारामपुरीतच नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. त्यांची निसर्गचित्रं जवळून बघा. रंकाळा, कोटितीर्थ रंगवणाऱ्या आबालाल रहमान यांचं काम कुठे बघायला मिळालं तर तेही सोडू नका.

आणि किटमधले उरलेले रंग टाकू नका. पन्हाळ्याचा एक फोटो मोठा छापून घ्या, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि पाचच छटांत त्याचे तुकडे पाडा. आकडे या वेळी तुम्ही घालायचे. रंगवून झालं की फोटो इकडे पाठवा, छटांबद्दल सविस्तर लिहीन.