रॉक संगीतातले विनोदी ते सगळेच 'विडंबन' काय?

रॉक संगीतावरील मराठी लेखांत 'पॅरडी', 'सटायर', 'स्पूफ' आणि 'कॉमेडी रॉक' या चारही शब्दांसाठी सरसकट 'विडंबन' हा एकच प्रतिशब्द वापरलेला आढळतो; तो बरोबर आहे का, आणि नसेल तर कोठे काय म्हणावे, अशी एका वाचकाची विचारणा आहे. माझे उत्तर असे की 'विडंबन' हा शब्द 'पॅरडी'साठी चांगलाच चपखल आहे. उरलेल्या तिन्हींसाठी तो डोळे मिटून वापरू नये.

'विडंबन' संस्कृतातील 'विडम्ब्' या धातूपासून आले असून त्यात अनुकरण आणि चेष्टा हे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत याच घराण्यातील 'विटंबना' हा शब्द अप्रतिष्ठेच्या अर्थाकडे गेला. 'विडंबन' मात्र वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून रुजले आणि 1925 सालच्या केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'नंतर तर ते घरोघरी पोचले. (हल्ली 'ही केवढी विडंबना!' असे दैवदुर्विलासाच्या अर्थाने लिहिले जाते, ती हिंदीची उसनवारी आहे. तिचा येथे संबंध नाही.) 'पॅरडी'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दातही 'गाणे' आहेच: एका गाण्याच्या शेजारी, त्याला लागून उभे केलेले दुसरे गाणे. थासोसचा हेगेमॉन हा पहिला विडंबनकार, असे ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे.

मराठीच्या व्याकरणातच एक सोपी कसोटी सापडते. 'विडंबन' म्हटले की 'कशाचे?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर म्हणून एखादी मूळ कृती किंवा ओळखू येणारी शैली दाखवता आली पाहिजे. 'सटायर'साठीचा 'उपहास' म्हटले की 'कोणाचा?' असे विचारले जाते, आणि तेथे एखादी व्यक्ती, वृत्ती किंवा समाज येतो. ही दोन उत्तरे पुष्कळदा वेगवेगळी असतात. सगळा घोळ ती एकच मानल्यामुळे होतो.

पन्नाशीच्या दशकातील अमेरिकी गट 'द कोस्टर्स'चे 'याकेटी याक' (1958) घ्या. घरकामावरून दटावणारे पालक आणि कुरकुरणारे पोर यांचा तो छोटा नाट्यप्रवेश आहे. कशाचे विडंबन? कशाचेच नाही. ते सरळ विनोदी गाणे आहे, आणि 'कॉमेडी रॉक'साठी 'विनोदी रॉक' एवढे पुरते.

त्याच काळात स्टॅन फ्रीबर्ग हा विनोदकार रॉकवर बाहेरून तोफा डागत होता. 1956 मध्ये त्याने एल्विस प्रेस्लीच्या 'हार्टब्रेक हॉटेल'चे विडंबन केले, त्यात आवाजावरचा प्रतिध्वनी इतका वाढत जातो की गाणाराच हैराण होतो. त्याच वर्षीच्या 'द ग्रेट प्रिटेंडर' या 'प्लॅटर्स' गटाच्या गाण्याच्या विडंबनात खरा नायक आहे पियानोवादक. जॅझचा भक्त असलेल्या या गृहस्थाला गाणेभर एकच ठोका 'क्लिंक क्लिंक क्लिंक' वाजवत बसायचे आहे. तो मधूनच जॅझच्या हरकती घेऊ लागतो आणि गायक त्याला पुन्हा ठोक्यावर आणतो. विडंबन प्लॅटर्सच्या गाण्याचे, उपहास मात्र जॅझवाल्यांना पोरकट वाटणाऱ्या साऱ्या नव्या संगीताचा. विशेष म्हणजे हा विनोद शब्दांत नसून पियानोच्या पट्ट्यांवर घडतो. मराठी वाचकाला विडंबन म्हणजे मूळ कवितेच्या वृत्तात बसवलेले नवे शब्द असे वाटण्याची सवय असते. रॉकमध्ये नक्कल ध्वनीची होते, आणि ती साधायला वादकाला मूळ वादकाइतकेच वाजवता यावे लागते.

दोन उत्तरांतील अंतर सर्वांत स्वच्छ दिसते ते अमेरिकी संगीतकार फ्रँक झप्पा आणि त्याचा गट 'मदर्स ऑफ इन्व्हेन्शन' यांच्या 1968 सालच्या 'वी आर ओन्ली इन इट फॉर द मनी' या अल्बममध्ये. त्यातील एका चित्रात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'च्या (1967) गजबजलेल्या मुखपृष्ठाची यथासांग नक्कल आहे. कायद्याच्या भीतीने कंपनीने ते बाहेर न छापता आतल्या बाजूला ढकलले, हा भाग निराळा. पण गाणी ऐकू जावे तर रोख बहुतांशी हिप्पी होण्याची फॅशन करणाऱ्यांवर आणि त्यांच्या पालकांवर आहे. म्हणून 'झप्पाने बीटल्सचे विडंबन केले' हे विधान चित्रापुरते खरे आहे. गाण्यांसाठी 'उपहास' हाच शब्द योग्य.

हाच भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला 1994 मध्ये करावा लागला. रॉय ऑर्बिसनच्या 1964 सालच्या 'ओह, प्रिटी वुमन'वर 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गटाने विडंबन केले, हक्कधारक कंपनीने दावा लावला, आणि न्यायमूर्ती सूटर यांनी एकमताच्या निकालपत्रात मांडले की विडंबनाला आपले म्हणणे मांडण्यासाठी मूळ कृतीची नक्कल करावीच लागते, उपहास मात्र स्वतःच्या पायांवर उभा राहू शकतो. त्यामुळे दुसऱ्याची कृती उसनी घ्यायची तर उपहासाला अधिक समर्थन द्यावे लागेल.

मात्र येथे मराठी 'विडंबन' आणि कायद्यातील 'पॅरडी' यांची फारकत होते, आणि ती गाजलेल्या गाण्यांची विडंबने गाणारा अमेरिकी गायक 'वीअर्ड अल' यँकोविक याच्यापाशी जाणवते. त्याचे 'ईट इट' (1984) मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'च्या चालीवर आहे. गिटारवादक रिक डेरिंजरने मूळ गाण्यात गिटार वाजवणाऱ्या एडी व्हॅन हेलनच्या धाटणीचे गिटारवादन तंतोतंत उभे केले आणि शेवटी स्फोटाने उडवून दिले. पण गाणे सांगते काय, तर ताटातले संपव. यात जॅक्सनवर टीका अशी नाही. कायद्याच्या काटेकोर अर्थाने ही पॅरडी ठरेल का, यावर वाद घालता येईल. मराठीत मात्र हे निःसंशय विडंबन आहे, कारण भारदस्त चालीत क्षुद्र विषय कोंबणे हा आपल्याकडील विडंबनाचा जुनाच हातखंडा आहे. याउलट 'निर्व्हाना' गटाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'वरचे त्याचे 1992 चे 'स्मेल्स लाइक निर्व्हाना' दोन्ही कसोट्यांवर उतरते. मूळ गाण्याचे शब्द कोणालाच कळत नाहीत हाच त्याचा विषय. मूळ गाण्यात गिटार जेथे गायनाचीच चाल फिरून वाजवते, तेथे यँकोविक तीच चाल तोंडात पाणी धरून गुळण्या करीत काढतो. 'कशाचे?' आणि 'कोणाचा?' या दोन्ही प्रश्नांचे उत्तर येथे एकच आहे. असे क्वचितच घडते, आणि मला तरी हे त्याचे सर्वांत बांधेसूद काम वाटते.

एखादे विशिष्ट गाणे न घेता एखाद्या गटाची सारी धाटणी उचलायची, याला 'शैलीविडंबन' म्हणावे. यँकोविकचे 'डेअर टू बी स्टुपिड' (1985) हे 'डीव्हो' या गटाचे शैलीविडंबन आहे. 'रटल्स' हा या प्रकाराचा मानदंड. विनोदकार एरिक आयडल आणि गीतकार-संगीतकार नील इनेस या ब्रिटिश जोडीने 1978 मध्ये 'ऑल यू नीड इज कॅश' या दूरचित्रवाणीपटातून हा बीटल्सचा खोटा अवतार उभा केला, आणि बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने स्वतः त्यात छोटी भूमिका केली. इनेसची गाणी बीटल्सच्या कोणत्याही एका गाण्याची प्रत नव्हती. तरीही ती इतकी बीटल्ससारखी होती की बीटल्सच्या गीतांचे हक्क असलेल्या कंपनीने दावा केला आणि इनेसला हक्कांतील वाटा सोडावा लागला. यात थट्टा आहे, पण ती प्रेमातली. 'उपहास' हा शब्द येथे जड होतो.

राहता राहिला 'स्पूफ'. त्यात संपूर्ण प्रकाराचीच लुटुपुटूची प्रतिकृती उभी केलेली असते. रॉब रायनरचा 'धिस इज स्पायनल टॅप' (1984) हा याचा नमुना: कल्पित हेवी मेटल गट, त्यावरचा कल्पित माहितीपट, दहाऐवजी अकरापर्यंत आकडे असलेला ॲम्प्लिफायर, आणि फुटांऐवजी इंचांची खूण केल्यामुळे मंचावर उतरणारी, स्टोनहेंज या इंग्लंडमधील प्राचीन शिलावर्तुळाची जेमतेम अठरा इंची प्रतिकृती. गटाच्या नावात 'एन' या अक्षरावर दोन टिंबे आहेत. जर्मन लिपीत ती फक्त स्वरांवर येतात, आणि 'मोटरहेड'सारख्या गटांनी ती केवळ रुबाबासाठी नावावर चढवली होती. म्हणजे विडंबन लेखनचिन्हापर्यंत पोचले आहे. यासाठी 'प्रकारविडंबन' हा शब्द सुचवता येईल. तो कृत्रिम वाटल्यास 'खोटा माहितीपट' असे साधे वर्णन करावे. पण हा कल्पित गट 1992 मध्ये 'क्वीन' या गटाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ वेम्बली स्टेडियमवर झालेल्या कार्यक्रमात खऱ्या गटांच्या रांगेत प्रत्यक्ष वाजवून गेला, त्या प्रयोगाला मात्र 'खोटा' हे विशेषण लावता येणार नाही.